टोमॅटोच्या बांधणीसाठी टेप मशीन: घ्या, पण सुतळी ठेवा

आमचा टोमॅटो वीस गुंठे, जुन्नर तालुक्यात. माल नारायणगाव मार्केटला जातो. मल्चिंग, ड्रिप, बांबू आणि त्यावर एकावर एक तीन तारा, म्हणजे या भागात सगळ्यांची असते तशीच मांडणी. बांधणी, म्हणजे झाड तारेला बांधणं, आजवर सुतळीनेच व्हायची. यंदा मी हाताने चालवायचं टेप बांधणीचं मशीन घेतलं. साडेसातशेला पडलं. टेपची रोलं आणि पिनांची डबी वेगळी घ्यावी लागते.

मशीन दिसायला मोठ्या स्टेपलरसारखं आहे. हँडल अर्धं दाबलं की पुढचा जबडा टेपचं टोक पकडतो. सोडलं की तोंडापुढे टेप आडवी ताणून उभी राहते. खोड आणि तार दोन्ही त्या टेपला लावायचे, मशीन पुढे सरकवायचं आणि हँडल पूर्ण दाबायचं. पिन बसते, टेप कापली जाते, वेढा तयार. मशीन किती आत ढकललं त्यावर वेढ्याची ढिलाई ठरते. बोट आरामात जाईल एवढी जागा राहू द्या, कारण खोड पुढे चांगलं जाड होतं.

पहिल्या बांधणीला याच्यासारखं दुसरं काही नाही, असं माझं मत झालंय. तेव्हा खोड कोवळं असतं, सुतळी जरा ओढली गेली की सालीत रुतते. टेप रुंद असल्यामुळे रुतत नाही. आणि बोटांचं काय सांगू! सुतळीच्या गाठी मारून मारून बांधणीवाल्या मावशींच्या तर्जनीला चिरा पडतात. त्यात टोमॅटोचा हिरवट चिकटा जातो आणि रात्री जेवताना भाजीचा रस्सा झोंबतो. यंदा पहिल्या दोन बांधण्यांत कोणाच्याच बोटाला चिंधी नव्हती. माझ्यासाठी एवढ्यावरच पैसे वसूल आहेत.

वेगही चांगला मिळतो, पण बगलफूट, म्हणजे पान आणि खोडाच्या बेचक्यातून येणारी फूट, आधी काढलेली असेल तरच. झाड गच्च असेल तर जबडा आत शिरत नाही, पानं पकडतो, फुलाचा देठसुद्धा पिनेत सापडतो. म्हणून आमच्याकडे एक जण पुढे बगलफूट मोडत जाते आणि मागून दुसरी मशीन चालवते. फूट दोन-तीन इंचांची असतानाच बाजूला वाकवून मोडायची, कात्री लागत नाही. सकाळी ती कटकन तुटते आणि दुपारच्या उन्हात जखम सुकते. पावसाळी हवेत हे काम काढूच नका. तंबाखू मळलेल्या हाताने तर झाडाला शिवूही नका, मोझॅक रोगाचा व्हायरस तसाच एका झाडावरून दुसऱ्यावर जातो.

किती काढायचं ते वाणावर आहे. उंच वाढत राहणाऱ्या वाणाला मी मुख्य खोड ठेवते आणि पहिल्या फुलांच्या गुच्छाच्या लगेच खालची एकच फूट राखते. दोन फांद्या, बाकी सगळं काढायचं. फळ एकसारखं भरतं आणि वीस किलोच्या क्रेटमध्ये बारीक माल कमी निघतो. बुटक्या वाणाला फक्त पहिल्या गुच्छाखालचं साफ करायचं. वरच्या फुटी काढल्या तर फळ धरणाऱ्या फांद्याच जातात. जमिनीला टेकणारी पानं मात्र दोन्हीकडे काढावीत, पावसाच्या शिंतोड्यांनी करपा रोग तिथूनच वर चढतो. वरची पानं ओरबाडू नका, उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या फळावर पांढरट चट्टा येतो आणि असा माल व्यापारी बाजूला काढतो.

आता मशीन कुठे कमी पडतं ते सांगते. फळाचा भार आला की टेपचा वेढा गुळगुळीत तारेवरून सरकतो आणि दोन-तीन झाडं एका जागी गोळा होतात. सुतळीचा तारेला पीळ देऊन मारलेला वेढा जागचा हलत नाही. म्हणून तिसऱ्या तारेची बांधणी आम्ही सुतळीनेच केली. टेपही निवडून घ्या, पातळ टेप उन्हाने कडक होऊन तुटते. ब्लेडवर चिकटा बसला की टेप कापण्याऐवजी ओढली जाते. रोज संध्याकाळी रॉकेलचा बोळा फिरवला की काम भागतं.

पण माझी खरी काळजी पिनांची आहे. प्लॉट संपला की आपल्याकडे मेंढरं चरायला सोडतात, कोणी वेल गाईपुढेही टाकतं. चाऱ्यातून पोटात गेलेलं धातूचं टोक जनावराच्या पोटाच्या जाळीदार कप्प्यात अडकतं आणि तिथून हृदयाकडे घुसू शकतं. सुतळी कुजून जाते, पिन आणि टेप तशीच राहते. आम्ही वेल उपटण्याआधी प्रत्येक वेढा कापून बादलीत गोळा करणार आहोत, आणि त्या मजुरीसकट हिशोब धरला तर सुतळीपेक्षा स्वस्त पडत नाही. ज्यांच्या शेतात मेंढरं बसतात आणि वेढे वेचायला माणूस नाही, त्यांनी हे मशीन घेऊ नये.

शेडनेटवाले, परसबागवाले आणि गच्चीवर दहा-वीस झाडं लावणारे यांनी मात्र जरूर घ्यावं. घेताना दुकानातच रोल आणि पिना भरून चार-पाच वेढे मारून बघा. पिना मशीनच्या मापाच्याच घ्या, ऑफिसच्या स्टेपलरच्या पिना यात अडकतात. आणि एक जादा ब्लेड त्याच वेळी मागून घ्या, नंतर नुसतं ब्लेड मिळता मिळत नाही.