शेततळं की गावतलावाचा ठेका? आधी पाणकावळ्याचा हिशेब

कोल्हापूर भागात मासे करायचं मनात आलं की समोर बहुतेक दोन वाटा असतात. आपल्या रानातलं शेततळं, नाहीतर गावच्या तलावाचा ठेका. बीज, खाद्य, मोटर, भाव यांचा हिशेब सगळेच मांडतात. आपल्या आधी मासे कोण खाणार, हा रकाना मात्र कोरा राहतो. माझ्या मते निवड याच रकान्यावरून करावी. खाणारे आजूबाजूला तेच असतात, पण त्यातले कोण आत पोचतील आणि त्यांच्या तोंडी किती लागेल हे पाण्याच्या घडणीवर ठरतं.

हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सॅमनच्या, म्हणजे समुद्रातून नदीत अंडी घालायला येणाऱ्या माशाच्या, नद्यांवर. सिएटल शहरातल्या बॅलार्ड लॉक्सपाशी, म्हणजे जहाजांसाठी बांधलेल्या पाण्याच्या दारांपाशी, समुद्रातून वर येणाऱ्या माशांना एका अरुंद मत्स्यशिडीतून, म्हणजे त्यांना चढायला बांधलेल्या पायऱ्यांच्या वाटेतून, जावं लागतं. 1980 च्या दशकात सीलच्या भाऊबंदांपैकी सी लायन तिथं ठाण मांडून बसले आणि सॅमनच्याच कुळातला स्टीलहेड एकेक करून उचलू लागले. हजारांनी येणारे मासे 1994 पर्यंत 100 च्या आत आले. मधल्या काळात फटाके फोडून झाले, सी लायन पकडून कॅलिफोर्नियात नेऊन सोडले, तर काही आठवड्यांत परत हजर. सी लायनला खाणारा ऑर्का देवमासा, त्याचा खोटा पुतळासुद्धा पाण्यात उतरवला! शेवटी 1996 मध्ये तीन सी लायन फ्लोरिडाला पाठवले, तरी तिथला स्टीलहेड काही सावरला नाही. उघड्या समुद्रात याच सी लायनला मासा पाठलाग करून पकडावा लागतो. इथं तो रांगेत उभा राहून समोर येत होता.

त्याच किनाऱ्यावरच्या कोलंबिया नदीच्या मुखाशी तर आपल्या पाणकावळ्याचेच मोठे भाऊ आहेत. ईस्ट सँड बेटावरची त्यांची वसाहत कमी करायला 2015 पासून सरकारने हजारो पक्षी मारले. उरलेले उठले आणि नदीत आणखी वर, पुलावर जाऊन बसले. तिथं इतर मासे कमी, सॅमनची पिल्लं जास्त. म्हणजे एकेक पक्षी आधीपेक्षा जास्त सॅमन खाऊ लागला. त्याआधी त्याच नदीत सुरय पक्ष्यांची वसाहत वरच्या राइस बेटावरून समुद्राजवळच्या ईस्ट सँडवर वळवली होती, तेव्हा उलटं घडलं होतं. त्यांच्या खाण्यातला सॅमनचा वाटा सुमारे तीन चतुर्थांशावरून निम्म्याखाली आला. पक्षी तेच, फक्त जागा बदलली.

आता आपल्या रानात येऊ.

सरकारी योजनेतलं मोठं शेततळं 30 बाय 30 मीटर, म्हणजे साधारण नऊ गुंठे. कागद अंथरलेला, काठ उताराचे आणि निसरडे. याचा एक फायदा कुणी सांगत नाही. ढोकरीला आणि बगळ्याला उभं राहायला उथळ पाणी लागतं, ते इथं नसतं. मरळ, मांगूर हे दुसरे मासे खाणारे मासे आपोआप येत नाहीत, कारण ओढ्याचं पाणी थेट आत शिरत नाही. बीजाबरोबर चुकून आला तरच. उरतो मुख्यतः पाणकावळा, कारण त्याला काठ लागतच नाही; तो बुडी मारतो. मोठ्या जातीचा पाणकावळा दिवसाला अर्धा किलोच्या आसपास मासे खातो. असे दहा पक्षी रोज आले तर पाच किलो, आणि दहा ग्रॅमची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) धरली तर दिवसाला 500. नऊ गुंठ्यांत तुम्ही सोडलेली असते जेमतेम 500 ते 900! आपल्याकडे जास्त करून दिसतो तो छोटा पाणकावळा, वजनाला मोठ्याच्या पाचव्या हिश्श्याइतका, भूकही कमी. पण थवा उतरला की पंधरा दिवसांत तळं साफ.

तरीही मी शेततळ्याच्या बाजूने आहे, कारण नऊ गुंठ्यांवर जाळं घालता येतं. पूर्ण जाळं परवडत नसेल तर काठाच्या खांबांना नायलॉनच्या दोऱ्या आडव्या-उभ्या ताणायच्या. पाणकावळ्याला पाण्यावरून उडताना धाव घ्यावी लागते. डोक्यावर दोऱ्यांचं जाळं असलं की तो उतरायला कचरतो. दोरी सैल सोडू नका, पक्षी अडकून मरतात. मारायचा तर विचारच नको. 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण आहे. आणि कागदाच्या उतारावर गाठी मारलेला एक जाड दोर सोडून ठेवा. कुत्रं पडलं तर वर येताना नखांनी कागद फाडतं, आणि माणूस पडला तर त्यालाही तोच दोर.

गावतलावाचं गणित वेगळं. पाच-दहा एकरांवर जाळं घालणं सोडाच. तिथं तळाशी मरळ आणि शिवडा हे शिकारी मासे आधीपासून बसलेले, काठाच्या गवतात विरोळे (पाणसाप), झाडांवर पाणकावळ्यांची वस्ती. नदी जवळ असेल तर पाणमांजराचीही फेरी. पुस्तकी उपाय म्हणजे बीज सोडण्याआधी मोहाची पेंड टाकून आतले मासे काढणं. एकरभर, मीटरभर पाण्याला सुमारे 1000 किलो लागते आणि विषारीपणा उतरायला तीनेक आठवडे जातात. ज्या तलावावर गावची जनावरं पाणी पितात तिथं हे कोण करू देणार?

म्हणून तलावात राखणीवर पैसा घालू नका, बोटुकलीच्या आकारावर घाला. इंचभर बीज स्वस्त मिळतं, पण ते बहुतेक मरळीच्या पोटात जातं. चार ते सहा इंचाची कटला-रोहूची बोटुकली महाग पडते, पण छोट्या पाणकावळ्याच्या आणि बऱ्याच मरळींच्या घशात ती सहज मावत नाही. सोडतानाही सगळी एकाच ठिकाणी ओतू नका. दोन-चार ठिकाणी, संध्याकाळी, पिशवी पाण्यावर थोडा वेळ तरंगत ठेवून मग. एका कोपऱ्यात गोंधळलेल्या पिल्लांची गर्दी म्हणजे बॅलार्डची शिडी आपणच बांधल्यासारखं. मरळीला शत्रूही समजू नका. बाजारात तिचा भाव कटल्यापेक्षा चढा असतो. ठेक्यात तिच्यावरही तुमचा हक्क लिहून घ्या.

तलावाचा खरा कसोटीचा काळ उन्हाळा. फेब्रुवारीनंतर पाणी उतरतं, मासे डबक्यात गोळा होतात आणि पक्षी मेजवानीला येतात. पाणी मीटरभराच्या खाली जाण्याआधी मोठा मासा काढून विकायला सुरुवात करा. शेततळ्यालाही हेच लागू, कारण उसाला पाणी देता देता तळ कधी दिसायला लागतो कळत नाही.

धरणातले पिंजरे हा तिसरा पर्याय, पण परवानगी, भांडवल आणि पाणमांजराने फाडू नये म्हणून दुहेरी जाळं, हे सगळं पहिल्यांदा करणाऱ्यासाठी नाही.

तर पहिलं वर्ष असेल, तळं रानात आणि घराजवळ असेल, तर शेततळं आणि वर दोऱ्या. हाताशी लहान टाकी किंवा जुनं तळं असेल, जिथं बोटुकली दोन-तीन महिने वाढवता येईल, तर तलावाचा ठेका जास्त उत्पन्न देईल. तशी सोय नसेल तर लिलावात बोली वाढवू नका. आणि ठेका घेतलाच तर सही करण्याआधी एक गोष्ट कागदावर आणा: पावसाळ्यात सांडव्यावर जाळी कोणी लावायची. पाणी वाहायला लागलं की मासे तिथूनच निघतात, आणि त्या वेळी सांडव्याखाली बगळ्यांच्या शेजारी निम्मं गाव पाटी घेऊन उभं असतं.