पालिकांची हवामान सेवा : आराखड्याला पाच तारे, देखभालीला दोन

हवामान बदलाला तोंड देण्यासाठी नगरपालिका आणि महानगरपालिका जे काही करतात, ती नागरिकांनी करातून मोल मोजलेली सेवाच आहे, आणि म्हणून तिचे मूल्यमापनही पाणीपुरवठ्याच्या किंवा रस्त्यांच्या मूल्यमापनाइतकेच काटेकोरपणे व्हायला हवे. प्रत्यक्षात बहुतेक हवामान कृती आराखड्यांची सुरुवात दोन-तीन दशकांनंतरच्या उद्दिष्टाने होते, आणि ते हुकले तर जाब विचारायला आजचा कोणताही पदाधिकारी जागेवर नसतो. त्यामुळे असा आराखडा हाती आला की चालू वर्षात पैसे किती ठेवले आहेत, काम कोणत्या खात्याकडे आहे आणि एकदा केलेले काम टिकवायची व्यवस्था काय आहे, एवढेच मी आधी शोधतो.

या कसोटीवर नॉर्वेतील ओस्लो शहराची पद्धत सर्वांत समाधानकारक वाटते. तेथे २०१७ च्या अंदाजपत्रकापासून पैशांबरोबर हवा तापवणाऱ्या वायूंच्या उत्सर्जनाचाही हिशेब मांडला जातो आणि प्रत्येक उपायासमोर जबाबदार खात्याचे नाव असते. पुढे लंडन आणि न्यूयॉर्कने ही वाट धरली, तर मुंबई महानगरपालिकेने २०२४ मध्ये आपला पहिला हवामान अर्थसंकल्प अहवाल प्रसिद्ध केला. लेखा खात्याच्या रटाळ तक्त्यांत हवामानाचा स्तंभ येणे ही छायाचित्रे काढण्याजोगी घटना नव्हे. मात्र तक्त्यात आलेल्या गोष्टीबद्दल दरवर्षी प्रश्न विचारता येतात.

डेन्मार्कमधील कोपनहेगनचा अनुभव या सेवेची मर्यादा दाखवतो. २०२५ पर्यंत कार्बनच्या बाबतीत तटस्थ होण्याचा, म्हणजे जितका कार्बन हवेत सोडू तितकाच भरून काढण्याचा, संकल्प या शहराने २०१२ मध्ये केला आणि उत्सर्जनात मोठी घटही करून दाखवली, परंतु कचरा जाळून ऊर्जा निर्माण करणाऱ्या प्रकल्पातील कार्बन पकडण्याच्या योजनेला सरकारी निधी न मिळाल्याने २०२२ मध्ये ते वर्ष सोडून द्यावे लागले. वीज आणि मोठे भांडवल या गोष्टी पालिकेच्या हातात क्वचितच असतात. तरीही ठरलेली मुदत पाळता येणार नाही असे जाहीरपणे सांगितले, याचे गुण मी कापणार नाही.

पालिकांचे खरे बळ उष्णतेसारख्या स्थानिक संकटात दिसते. मे २०१० मधील उष्णतेच्या लाटेत अहमदाबादमध्ये नेहमीपेक्षा सुमारे १,३०० अधिक मृत्यू झाल्यानंतर तेथील महानगरपालिकेने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा लागू केला. कमाल तापमानाच्या अंदाजानुसार इशारा देणे, रुग्णालयांना आधी कळवणे, पिण्याच्या पाण्याची सोय करणे अशी ही कामे ऐकायला साधी आहेत; पण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने या आराखड्यामुळे वर्षाला सरासरी १,१९० मृत्यू टळल्याचा अंदाज मांडला. इतक्या कमी खर्चात इतका परतावा देणारी दुसरी पालिका सेवा चटकन आठवत नाही. याच आराखड्यांतून पुढे आलेल्या पांढऱ्या छतांबाबत मात्र हात आखडता घ्यावासा वाटतो. छत रंगवले की खोली थोडी थंड होते हे खरे, पण धूळ, शेवाळ आणि पावसाचे डाग बसले की त्या पांढऱ्या थराची ऊन परतवण्याची क्षमता उतरते, आणि पत्र्यावरचे पोपडे निघू लागेपर्यंत रंगाचे कंत्राट संपलेले असते. दुसऱ्या हाताचा खर्च कोणी करायचा, याचे उत्तर योजनेतच असायला हवे.

विजेवरच्या बसबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. चीनमधील शेंझेन शहराने २०१७ च्या अखेरीस १६,००० हून अधिक बसगाड्यांचा संपूर्ण ताफा विजेवर आणला, त्यामुळे हे जमते की नाही हा वाद मिटला आहे. राहतो तो आगारातील चार्जिंगचा आणि फेऱ्यांच्या संख्येचा प्रश्न. बस वेळेवर येत नसेल तर ती कशावर चालते याच्याशी प्रवाशाला देणेघेणे नसते, आणि तो आपली दुचाकी बाहेर काढतो.

सर्वांत कमी गुण कचऱ्याला. कचराभूमीत दबलेला ओला कचरा हवेअभावी कुजून मिथेन सोडतो आणि वीस वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशीपट तापवतो, म्हणून घरोघरी होणारे वर्गीकरण हे थेट हवामानाचे काम आहे. कागदावर ते जवळपास सर्वत्र सुरू आहे. परंतु गाडीतले ओल्या-सुक्याचे दोन कप्पे वेगळे करणारा पत्रा वाकलेला असतो, सुका कप्पा भरला की पिशव्या पलीकडे ढकलल्या जातात, आणि पुढे दोन्ही कप्पे एकाच ढिगावर रिकामे होतात. हे एकदा पाहिलेला नागरिक दुसऱ्या दिवशीपासून घरातही एकच डबा ठेवतो, आणि त्याला दोष देणे कठीण आहे.

वृक्षारोपणाचेही असेच आहे. अहवालात किती रोपे लावली हे असते. तीन पावसाळ्यांनंतर किती उभी आहेत हे शोधूनही सापडत नाही. बंद पथदिव्याची तक्रार नोंदवली की क्रमांक मिळतो, वाळलेल्या रोपासाठी मात्र तक्रारीच्या यादीत रकानाच नसतो. तो रकाना सुरू करणाऱ्या आणि जगलेल्या झाडांचा आकडा छापणाऱ्या पालिकेला देखभालीचा तिसरा तारा द्यायला माझी तयारी आहे.