रेझिनच्या बारीक वस्तूंना रंग: स्प्रे कॅन, एअरब्रश की कुंचला?

छोट्या मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर, म्हणजे रूळ आणि देखावा मांडलेल्या फळीवर, मडगावसारखा फलाट उभा करायचा तर बाक, पंखे, नळ, सिग्नलच्या पेट्या, हातगाड्या, पिवळे नामफलक अशा कितीतरी वस्तू लागतात. द्रव रेझिन प्रकाशाने थराथराने घट्ट करणाऱ्या रेझिन प्रिंटरमुळे त्या आता घरी बनतात. पैसे आणि वेळ कशात घालायचा हा प्रश्न त्यानंतर येतो, आणि गोव्यात त्याचे उत्तर दोन गोष्टी ठरवतात: वस्तू केवढी आहे आणि हवा किती दमट आहे. रंग कुठल्या कंपनीचा, हे त्या मानाने दुय्यम.

आकाराचे गणित एकदा करून पाहावे. मॉडेल रेल्वेचे एचओ प्रमाण म्हणजे १:८७. या प्रमाणात ०.१ मिमी जाडीचा रंग खऱ्या वस्तूवरच्या ८.७ मिमी लेपाइतका भरतो. एन प्रमाणात, म्हणजे १:१६० मध्ये, तोच थर १६ मिमीचा होतो. चिऱ्यांच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतीतला १२ मिमीचा सांधा एचओमध्ये जेमतेम ०.१४ मिमी उरतो. एकच जाड हात बसला की तो बुजतो आणि भिंत गिलावा केल्यासारखी दिसू लागते. तिन्ही पद्धतींची तुलना आधी याच कसोटीवर करायला हवी.

तिन्हींच्या आधीचे काम

रंग सोलून निघाला की दोष बहुधा प्रायमरला, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या पहिल्या थराला, दिला जातो. प्रत्यक्षात चूक धुण्यात झालेली असते. साध्या रेझिनच्या वस्तू आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या दोन डब्यांत धुवाव्यात: पहिल्यात दोन-तीन मिनिटे, दुसऱ्या स्वच्छ डब्यात आणखी दोन. अल्कोहोल ९५ टक्क्यांच्या वरचे हवे. हात निर्जंतुक करायचे द्रव चालत नाही. त्यात ग्लिसरीन असते आणि त्याचा चिकट पापुद्रा मागे राहतो. वस्तू तासभर बुडवून ठेवू नये; बारीक रेलिंग फुगते आणि पुढे तडकते.

पाण्याने धुता येणारे रेझिन सोयीचे वाटते, कारण ज्वलनशील द्रव घरात ठेवावा लागत नाही. पण त्याच्या वस्तू जास्त ठिसूळ असतात, आणि पाण्यात जास्त वेळ राहिल्या तर बारीक भागांना चिरा जातात. धुण्याचे पाणीही निरुपद्रवी नसते. घराला विहीर असेल तर ते परसात मुळीच ओतू नये. उथळ ताटात उन्हात ठेवावे, रेझिन घट्ट होऊन तळाला बसले की गाळून घ्यावे. तो गाळ कचऱ्यात जातो. फलाटावरचे दिव्याचे खांब, जाळी, शिडी अशा नाजूक गोष्टींसाठी साधे रेझिनच घ्या. चिऱ्यांची भिंत किंवा पाण्याची टाकी यांना दुसरे चालते.

सपोर्ट, म्हणजे प्रिंट होताना वस्तूला धरणारे टेकू, क्युअर करण्याआधीच, म्हणजे अतिनील प्रकाशाने वस्तू पूर्ण घट्ट करण्याआधीच, काढावेत. वस्तू कोमट पाण्यात मिनिटभर धरली की ते मऊ होतात आणि खड्डा न पाडता सुटतात. क्युअरच्या पेटीत पातळ भागांना दोन ते पाच मिनिटे पुरतात, तीही वस्तू फिरवत. ती पूर्ण कोरडी असायला हवी, नाहीतर पांढरा थर धरतो. भर दुपारच्या उन्हातही क्युअर होते, पण विसरलेली वस्तू पिवळी पडते आणि काचेसारखी मोडते. पोकळ वस्तूंना, उदाहरणार्थ पुलाच्या खांबांना, न दिसणाऱ्या बाजूला २ ते ३ मिमीची दोन भोके ठेवलीच पाहिजेत. आत अडकलेले ओले रेझिन रंगवून झाल्यावरही बाहेर झिरपते.

घासायला वॉटर पेपर: आधी ४००, मग ६००, शेवटी ८००. पेपर ओलाच वापरावा, हातात नायट्राइलचे मोजे आणि तोंडावर मास्क. शेवटी भांड्यांच्या साबणाचे कोमट पाणी आणि रात्रभर वाळवण.

स्प्रे कॅन

खर्च कमी आणि थर एकसारखा, हे कॅनचे बळ. २० ते २५ सेंटिमीटरवरून, फवारा वस्तूच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवावा. मध्ये दहा मिनिटे सोडून दोन-तीन हलके हात द्यावेत. वस्तू दुहेरी चिकटपट्टीने लाकडी पट्टीवर घट्ट बसवावी, नाहीतर हातगाडीसारखी हलकी गोष्ट फवाऱ्याच्या जोराने उडून जाते.

गोव्यात कॅनचे दोन शत्रू आहेत. जून ते सप्टेंबर थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंग पांढुरका पडतो. पाऊस थांबला तरी आर्द्रता ८०-८५ टक्क्यांवर असेल तर कॅन उचलू नये. आर्द्रता मोजणारा साधा हायग्रोमीटर इथे खरोखर कामाचा आहे. एप्रिल-मेमध्ये उलट होते. जास्त लांबून मारले तर रंग हवेतच सुकतो आणि वस्तूवर खरखरीत दाणे बसतात. कॅनचे काम चतुर्थीनंतर हवा सुकली की मे महिन्यापर्यंत, सकाळी ऊन चढल्यावर करावे.

आणखी एक धोका. गाड्यांच्या प्रायमरमधले तीव्र थिनर क्युअर झालेल्या रेझिनला काही करत नाही, पण लेआउटखालचा थर्मोकोल विरघळवते आणि पातळ प्लॅस्टिकचे भाग बिघडवते. वस्तू रंगवून मगच बसवाव्यात. हार्डवेअरच्या दुकानातला लोखंडासाठीचा रेड ऑक्साइडही टाळा. रंग चिऱ्याला शोभणारा असला तरी थर इतका जाड बसतो की सांधे दिसेनासे होतात.

एअरब्रश

एअरब्रश म्हणजे कॉम्प्रेसरच्या हवेने रंग फवारणारे पेनासारखे साधन. सगळ्यात पातळ थर इथेच मिळतो. ०.३ मिमीची सुई आणि १ ते १.४ बार दाब बहुतेक कामांना पुरतो. मिस्टर सरफेसर १५०० हा प्रायमर त्याच्याच थिनरमध्ये साधारण एकास दीड-दोन पातळ केला तर बाकाच्या फळ्यांमधल्या फटीही मोकळ्या राहतात. वालेहोचा पाण्यातला पॉलियुरेथेन प्रायमर वासाला सौम्य आहे, पण पूर्ण पकडायला एक दिवस घेतो आणि घासायला गेले की पापुद्रा होऊन निघतो. मागून घासायचे असेल तर तो नको.

पण आपल्या हवेत कॉम्प्रेसर पाणी गोळा करतो. टाकी असलेला कॉम्प्रेसर आणि ओलावा पकडणारा सापळा नसेल तर पावसाळ्यात रंगाच्या मध्येच पाण्याचे थेंब थुंकले जातात. प्रत्येक बैठकीनंतर टाकीचा निचरा करावा. लॅकर, म्हणजे तीव्र थिनरमधला रंग, वापरत असाल तर दमटपणाची तक्रार इथेही तीच, आणि हवा बाहेर फेकणारा पंखा व मास्क दोन्ही हवेत. एसीच्या बंद खोलीत फवारणे धोक्याचे आहे. शिवाय दर रंगाला सुई-कप धुण्यात दहा मिनिटे जातात. चार बाकांसाठी हा खटाटोप परवडत नाही. डबे-इंजिनेही रंगवायची असतील, किंवा मीटरभर चिऱ्यांची भिंत करायची असेल, तेव्हाच एअरब्रश घ्यावा.

कुंचला

कुंचल्याला कमी लेखले जाते आणि आमच्या मते ते चुकीचे आहे. तीन सेंटिमीटरपेक्षा लहान वस्तूंना तोच योग्य. पाण्यातला ॲक्रिलिक प्रायमर भर पावसातही पांढरा पडत नाही, फक्त सावकाश सुकतो. सिंथेटिक १ किंवा ० नंबरने दोन पातळ हात द्यावेत, दमट दिवसांत मध्ये निदान एक रात्र सोडून. घाई केली तर खालचा थर वर उचलला जातो. रंग कोपऱ्यांतून आकसत असेल तर वस्तू नीट धुतलेली नाही, परत साबणाने धुवा. वाळवायला पंख्याची हवा पुरे. हेअर ड्रायरची गरम झोत पातळ रेझिनला वाकवते.

कुंचल्याची मर्यादा मोठ्या सपाट पृष्ठभागावर दिसते. फलाटाच्या छपरावर रेघा राहतात आणि त्या लपत नाहीत.

रंग: ॲक्रिलिक की एनॅमल

इथे एकाची निवड करायची गरजच नाही. तळरंग ॲक्रिलिकचा आणि जुनेपणाचा वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा खूप पातळ केलेला रंग, एनॅमल किंवा तैलरंगाचा, कारण टर्पेंटाइन पूर्ण वाळलेल्या ॲक्रिलिकला हलवत नाही. वॉश नको तिथे पसरला तर टर्पेंटाइनने ओल्या केलेल्या कुंचल्याने पुसून परत करता येतो. तळरंगच एनॅमलचा असेल तर वॉशचे टर्पेंटाइन त्याला मऊ करू शकते आणि प्रत्येक थराला एक-दोन दिवस थांबावे लागते.

चिऱ्यासाठी तळाला बर्न्ट सिएना आणि थोडा यलो ऑकर. मग काही चिरे मुद्दाम जास्त तांबडे, काही फिके करावेत. खाणीतून आलेले चिरे कधी एकसारखे नसतात. त्यावर बर्न्ट अंबरचा पातळ वॉश, तो सुकल्यावर फिक्या ऑकरचा ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरडा कुंचला उंचवट्यांवरून फिरवणे. भिंतीच्या खालच्या भागात आणि पन्हळीखाली काळपट हिरवी शेवाळ उतरवली नाही तर ती भिंत गोव्यातली वाटत नाही. मंगळुरी कौलांना एकच नारिंगी देऊ नये. तीन छटा मिसळून, उताराच्या दिशेने काळपट ओघळ सोडावेत. कुळें भागातल्या लोहखनिजाच्या सायडिंगला, म्हणजे माल चढवण्याच्या बाजूच्या रुळांना, तांबडी पिगमेंट पावडर हवी. ती शेवटच्या मॅट थरानंतर लावावी, कारण वरून फवारले की अर्धी दिसेनाशी होते.

नामफलकाला उठावाची अक्षरे प्रिंट करावीत. खरे ३० सेंटिमीटरचे अक्षर एचओमध्ये साडेतीन मिमीचे होते, म्हणजे वाचता येईल इतके. सगळा फलक पिवळा करून पूर्ण वाळू द्यावा. काळा रंग रबराच्या सपाट तुकड्यावर अगदी पातळ पसरवून तो अक्षरांच्या माथ्यावर टेकवावा. कुंचल्याने अक्षरे भरण्यापेक्षा हे जलद होते आणि कडा स्वच्छ राहतात.

जुन्या घरांतल्या शिंपल्यांच्या खिडक्यांना पारदर्शक रेझिनवर मोतिया रंगाचा एकच पातळ हात पुरतो.

शेवटचा मॅट व्हार्निश सगळ्यात जास्त फसवतो, कारण तो पांढरा पडला तर आधीची मेहनत झाकली जाते. बाटली दोन मिनिटे नीट हलवावी, कॅन असेल तर कोरड्या दिवसाची वाट पाहावी. धुके आलेच तर घासू नका. कोरड्या हवेत वरून ग्लॉसचा हलका हात दिला की बहुधा ते निघते, मग पुन्हा मॅट. पावसाळ्यात थांबणे शक्य नसेल तर ॲक्रिलिक मॅट कुंचल्याने लावा, आणि रंगवलेल्या वस्तू हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा.