मेलेल्या हार्डडिस्कवरून लायसन काढा म्हणतात

गडचिरोलीतल्या वडसा भागातल्या झाडीपट्टी नाटकांना मी पार्श्वसंगीत देतो. ऑर्गन-तबला मंचापुढे असतेच. वीज कडाडणं, खलनायकाची एन्ट्री, बापाच्या मरणाचं व्हायोलिन माझ्या लॅपटॉपमधून निघतं. त्यासाठी एका परदेशी कंपनीचं वाद्यांचं सॉफ्टवेअर विकत घेतलं. आवाजाला पाच स्टार. सनई वाजवली की आमचा ऑर्गनवाला मागं वळून पाहते, म्हणजे बघा.

घोळ कुलपाचा, म्हणजे लायसनचा. भाऊबीज झाली, मंडईचा, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेचा, पहिला प्रयोग दोन दिवसांवर, अन् हार्डडिस्क गेली. नवी एसएसडी टाकली, सॉफ्टवेअर चढवलं, तर म्हणते, मर्यादा संपली. लायसन दोन कॉम्प्युटरपुरतं, आणि डिस्क बदलली की त्याच्या लेखी कॉम्प्युटरच नवा. दुसरी जागा कधीच भंगारात गेलेल्या डेस्कटॉपनं अडवलेली.

घरात रेंज नाही, म्हणून नहराच्या पाळीवर उभं राहून सपोर्टला मेल टाकला. उत्तर रात्री दीडला: 'जुन्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम उघडून डिऍक्टिव्हेट करा.' अरे बाप्पा, डिस्क मेली म्हणून तर लिहिलं! दुसऱ्या उत्तरात बिलाचा नंबर मागितला; तो पहिल्याच मेलमध्ये होता. शेवटी काढलेल्या डिस्कचा फोटो पाठवला, बाजूला त्या दिवशीचा पेपर ठेवून, अपहरणवाले पाठवतात तसा. मग दुसऱ्याच कोणीतरी माफी मागून दोन्ही जागा मोकळ्या केल्या. तोवर प्रयोग होऊन गेला होता. बाप मेला तो व्हायोलिनशिवाय. ऑर्गनवाल्यानं सांभाळून घेतलं, बाया रडायच्या त्या रडल्याच.

शेजारच्या गावातला पोरगा हेच सॉफ्टवेअर क्रॅक करून वापरते. त्याची डिस्क दोनदा बदलली, त्याला कोणी काही विचारलं नाही. चोरी ती चोरीच, पण फाटकावर अडवलं कोणाला, तर तिकीट काढून आलेल्याला.

सगळेच असे नाहीत. रेकॉर्डिंगसाठी मी रीपर नावाचं सॉफ्टवेअर वापरतो: ६० दिवस पूर्ण चालवून पाहा, मग ६० डॉलरचं सवलतीचं लायसन. लायसन म्हणून येते ती एक छोटी फाईल. पेनड्राइव्हवर ठेवली की नेटशिवाय काम होते. वाद्यांचे आवाज मात्र त्यात नसल्यासारखेच, म्हणून वरचं लचांड. स्टाइनबर्ग कंपनीनंही २०२२ मध्ये आपल्या क्यूबेस या संगीताच्या सॉफ्टवेअरच्या १२व्या आवृत्तीपासून डोंगल, म्हणजे लायसनची यूएसबी किल्ली, लावायची सक्ती काढली.

सपोर्टला दोन स्टार, दुसरा त्या माफी मागणाऱ्याचा. घेणार असाल तर जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायच्या आधी डिऍक्टिव्हेट करा. मी आता दिवाळी ते होळी लॅपटॉपला कोणाला हात लावू देत नाही, अपडेटलाही नाही.