अरुंद गोदामासाठी तीनचाकी फोर्कलिफ्ट की रीच ट्रक?
भिवंडीसारख्या ठिकाणी गोदामाच्या प्रत्येक चौरस फुटाचे भाडे मोजावे लागते, त्यामुळे रॅकांमधली वाट किती रुंद ठेवायची यावरच यंत्राची निवड ठरते. तीनचाकी बॅटरी फोर्कलिफ्टमध्ये भार चाकांच्या पुढे आणि तोल सांभाळणारे वजन मागे असल्याने तिला साधारण ३.२ ते ३.५ मीटर वाट लागते. रीच ट्रक (उंच रॅकांसाठीची फोर्कलिफ्ट) या यंत्राचा मास्ट, म्हणजे भार उचलणारा उभा खांब, मात्र मागे सरकून भार आत ओढून घेतो, म्हणून तो सुमारे २.८ मीटरमध्ये वळतो आणि १० मीटर उंचीवरही पॅलेट (माल रचलेली फळी) ठेवू शकतो. त्याची लहान, कठीण चाके खडबडीत फरशीवर आणि उतारावर निरुपयोगी ठरतात, याकडे खरेदीच्या वेळी मुळीच दुर्लक्ष होऊ नये. बाहेरच्या अंगणातले काम तीनचाकीनेच करावे. फरशी सपाट आणि रॅक ६ मीटरपेक्षा उंच असतील, तर माझी पसंती निःसंशय रीच ट्रकला आहे.