यकृतातला पू : नळी की ऑपरेशन?

खानापूरच्या मामांना ताप, उजव्या बरगडीखाली ठणका. बेळगावात सीटी काढली तर यकृतात गळू, शिवाय पोर्टल शिरेत (आतड्यांकडून यकृताला रक्त नेणारी शीर) रक्ताची गुठळी.

नळी घालताना जागा बधिर करतात, सोनोग्राफीत बघत बारीक नळी थेट गळवात सारतात. पिशवीत चॉकलेटी पू उतरताना मामी पदर तोंडाला लावून बघत राहिल्या. गुठळीसाठी रक्त पातळ करायचं औषध द्यायचं असेल, तर एवढंसं भोकच बरं. मोठ्या चिरेतून रक्तस्रावाची धास्ती जास्त. म्हणून माझं मत आधी नळीलाच.

पण गळू पोटात फुटलं, पू घट्ट नि कप्प्याकप्प्यांचा निघाला, किंवा मूळ दुखणं सडलेल्या अपेंडिक्सचं असलं, तर ऑपरेशन करावं लागू शकतं. अँटिबायोटिक मात्र दोन्हीकडे चुकत नाहीत.