गच्चीचं वॉटरप्रूफिंग: दर विचारला तर ठेकेदारानं फोनवर सांगितलाच नाही (५ पैकी ४ स्टार)

आमचं घर मंगळवार पेठेत, स्लॅब वडिलांच्या काळातला. गेली तीन पावसाळे बेडरूमच्या छताला ओल, रंगाचे पोपडे गादीवर पडायचे. आता कोल्हापूरचा पाऊस म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, एकदा जूनमध्ये लागला की गच्ची वाळायचं नावच घेत नाही. मागं एकाकडनं वरनं केमिकल मारून घेतलं होतं, एक सीझन टिकलं आणि दुसऱ्या वर्षी त्याचे पापुद्रे निघाले, फोन उचलायचा तर विषयच सोडा.

म्हणून यंदा एप्रिलमध्येच तिघांना विचारलं. पहिल्यानं फोनवरच सांगितलं, साडेआठशे स्क्वेअर फूट ना, ३८ हजार, उद्या माणसं पाठवतो. दुसरा आला, पण जिन्याच्या दारातनंच गच्ची बघितली आणि ५२ म्हटला. तिसऱ्याला फोनवर दर विचारला तर म्हणतो, "बघितल्याशिवाय सांगत नाही, आणि बघितल्यावर पण लगेच सांगणार नाही." मला रागच आला, म्हटलं हा कोण टिकोजीराव लागून गेला.

आला तो सकाळी आठला, हातात एक छोटा हातोडा, बादली घेतली ती आमच्याच बाथरूममधली. आधी खाली बेडरूममध्ये गेला आणि पहिला प्रश्न काय, तर "हा डाग आत्ता उन्हाळ्यात पण ओला हाय का?" मी हात लावून बघितला तर खरंच गार लागला. तो म्हटला, पाऊस नाही तरी ओल हाय म्हणजे हे निम्मं पाणी पावसाचं नाहीच, वर टाकी नाहीतर पाणी तापवायचं सोलर असणार. वर गेल्यावर सोलरची पाईप जिथनं स्लॅबमधनं खाली जाते तिथं बोट घातलं तर चिखल. तीन वर्षं आम्ही पावसाला शिव्या घालतोय!

मग हातोड्यानं सगळी गच्ची ठोकत फिरला, कुठं टणक आवाज, कुठं बद्द. बद्द आवाज आला तिथं खडूनं गोल केले, म्हणजे खालचा कोबा, स्लॅबवरचा विटांच्या तुकड्यांचा थर, सुटलाय. मग बादली ओतली, तर पाणी पन्हाळीकडं जायच्या ऐवजी उलटं कोपऱ्यात जाऊन बसलं. दहा फुटाला निदान सव्वा इंच उतार पाहिजे, आमच्यात उताराचा पत्ताच नव्हता. खाली येऊन चहा पीत लग्नपत्रिकेच्या मागं चित्र काढून दाखवलं, पाणी शिरतं कुठं आणि दिसतं कुठं, तो कोबा पाणी पिऊन बसतो आणि स्लॅबला जिथं चीर सापडंल तिथनं खाली उतरतं. असा दीड तास गेला आणि पैशाचं अक्षर नाही. आई आतनं म्हणाली, "ह्यो पैशाचं नाव काढंना, म्हंजे लय घेणार बघ."

आईचं खरं ठरलं, कोटेशन ६७ हजार. पण त्यात काय काय ते लिहिलेलं होतं: सगळा कोबा काढायचा नाही, खडूच्या गोलातला दीड ब्रास (दीडशे स्क्वेअर फूट) तेवढाच, तिथं उतार देऊन नवीन, चिरा खोबणी मारून भरायच्या, पॅरापेटच्या म्हणजे कठड्याच्या कडेला गोलाई, मग सगळीकडं जाळी घालून दोन हात कोटिंग. सोलरच्या पाईपला प्लंबर आधी बोलवा, ते माझ्यात धरू नका. मी सवयीनं म्हटलं थोडं कमी करा की, तर म्हणतो, "करतो की, ह्यातलं कुठलं काम नको ते सांगा." आता चित्र डोक्यात बसलेलं, मी काय काढणार? हाच माणूस पहिल्या फोनवर ६७ म्हटला असता तर मी पुढचं ऐकलंच नसतं हे पण खरं आहे.

काम चोख. शेवटी पन्हाळीला बोळा घालून गच्चीवर दोन इंच पाणी ४८ तास ठेवलं, म्हणजे चार हजार लिटर, चार टन वजन वर, मला रात्रभर झोप नाही. खाली थेंब नाही. पण टँकरचे पैसे आमच्याकडनं गेले आणि हे कोटेशनमध्ये नव्हतं, एवढं समजावून सांगणारा माणूस हे कसं विसरतो? शिवाय कोबा रोज भिजवायचं काम आमच्याच गळ्यात, मे महिन्याच्या उन्हात बायको सात दिवस पाईप घेऊन वर. आणि आठ दिवसांचं काम चौदा दिवस चाललं. एक स्टार तिथं गेला.

आता जुलै संपत आला, रंकाळा भरलाय, छत कोरडं आहे. जुना डाग अजून दिसतो, मी रंगवूया म्हटलं तर तोच नको म्हटला, आतली ओल सुकू दे, दिवाळीला बघू. नाव इथं टाकत नाही, त्यानंच सांगितलंय पावसाळ्यात फोन वाढवू नका म्हणून, आणि तसंही सायटीवर असला की संध्याकाळी सातच्या आधी उचलत नाही.